आत्याच्या मापाची खोली

मान वर करून चालाल तर मी दिसेन आणि खाली बघत चाललात तर कपाळाला लागेन. मित्रांनो, मी एका घराच्या पोटमाळ्यावरची जुनी तुळई आहे. आम्ही तिघी आहोत. दोघी कडेच्या, त्यांच्या वाटेला कोणी जात नाही. मी मधली, म्हणून जे काही बरंवाईट व्हायचं ते माझ्याच वाट्याला आलं.

मी झाड होते तेव्हाचं फार सांगत नाही. आपलं बालपण ज्याला त्याला मोठंच वाटतं. मला तोडलं, दोन उन्हाळे सावलीत वाळवलं आणि एका सुताराने तासून चौरस केलं. माझं काम त्याने मला बसवतानाच सांगून टाकलं. "हे दोन्हीकडचे उतरते वासे बाहेर फाकायला बघतात. तू त्यांना धरून ठेवायचं." तेव्हापासून मी धरून ठेवलं आहे. छप्पर चढलं त्या दिवशी त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "पक्की आहे." माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर तेवढंच. त्यानंतर माझ्याकडे लक्ष दिलं ते कोळ्यांनी.

माळा हा मोठा मजेदार प्रकार असतो. टाकवत नाही आणि वापरवतही नाही, असं सगळं तिथे येतं. एका पायाने लंगडी खुर्ची आली. पाळणा आला. झाकण नसलेली पेटी आली आणि सहा महिन्यांनी दुसऱ्याच पेटीचं झाकण आलं. मी मोजत असे. वर आलेल्या वस्तू दोनशेच्या पुढे गेल्या, खाली गेलेल्या सतरा. आणि हे सगळं वर चढवणारं, उतरवणारं माणूस एकच: आत्या.

आत्या म्हणजे घरच्या कर्त्या पुरुषाची, भाऊंची, थोरली बहीण. भाऊ तिला ताई म्हणत, पण मुलाची आत्या म्हणून बाकी सगळ्या घराची ती आत्याच झाली होती. उंची पावणेपाच फूट. शिडीवर खारीसारखी चढायची आणि माझ्याखालून ताठ मानेने जायची. घरात असं करू शकणारी ती एकटीच. भाऊंचा गुडघा दुखायचा, वहिनींना शिडीची भीती वाटायची आणि मुलाला वेळ नसायचा. त्यामुळे घरात रीतच पडली होती, की माळ्याचं काहीही असो, आत्याला विचारा.

या आत्याला घरात स्वतःची जागा मात्र नव्हती. स्वयंपाकघराच्या दारापाशी बोळात तिची घडीची खाट. सकाळी उठली की खाट मिटून भिंतीला. दिवसभर तिथे कोणी राहतं याचा पत्ताही लागू नये. बावीस वर्षं अशीच गेली. ती काही बोलली नाही आणि न बोलणाऱ्या माणसाचं सगळं ठीक चाललंय असं समजणं घराला सोयीचं असतं.

मग भाऊंचा मुलगा घरून काम करू लागला. त्याला घरात लंबू म्हणत. सहा फुटांचा होता, दुसरं काय म्हणणार? तो दिवसभर बाहेरच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसे आणि कोणी भांडं आपटलं की हात जोडून दाखवे. वहिनी वैतागल्या. "माझ्या घरात मी मुकाट्यानं फोडणी द्यायची का?" त्याच दिवशी ठरलं, माळ्यावर लंबूची खोली करायची.

मिस्त्री आला. कानावर पेन्सिल, बोलणं कमी, आणि काम बरंचसं उकिडवं बसून. भाऊ शिडीच्या खालीच उभे.

"ताई, ती मधली तुळई डोक्याला लागते का गं?" त्यांनी खालून ओरडून विचारलं.

"नाही," आत्या माझ्याखाली उभी राहून म्हणाली. "वर चार-सहा बोटं जागा आहे."

"मग झालं तर! मिस्त्री, करा सुरू. काही विचारायचं असेल तर हिला विचारा. वरचं सगळं हिलाच ठाऊक."

आत्या घरात सगळ्यांत मोठी, म्हणून तिची उंचीही भाऊंनी मोठीच धरली असावी. दुसरं कारण मला तरी सापडत नाही.

मिस्त्रीने विचारलं, खिडकी कुठे? आत्या म्हणाली, लंबूला विचारा. लंबूने कानातलं यंत्र न काढता सांगितलं, "काहीही चालेल. आत्या ठरवेल." झालं. ती ठरवू लागली. पहिल्या दिवशी चाचरत, दुसऱ्या दिवशी थोडं सावरून आणि आठवड्याने तर थेट. "खिडकी पूर्वेला नको, झाडाच्या बाजूला काढा. बसल्या बसल्या बाहेरचं दिसायला हवं." मिस्त्रीने तिला भिंतीशी खाली बसवलं, तिच्या कोपराच्या उंचीला रेघ मारली आणि तिथे खिडकीची चौकट बसवली. फळ्या तिच्या हाताला येतील अशा लावल्या. जिन्याच्या पायऱ्याही तिच्या पावलाला सोप्या जातील अशा काढल्या. खोली तिचीच, अशी त्याची समजूत झाली होती. रोज जे माणूस वर येतं, जागेकडे तसं बघतं, त्याचीच ती असणार. त्याला वेगळं कोणी सांगितलं नाही.

आणि आत्याने? मित्रांनो, मी तिच्या बाजूची आहे, पण खरं ते सांगते. लंबूची उंची तिला ठाऊक नव्हती असं कोणी म्हणू नये. दर वर्षी त्याच्या पँटची दुमड उसवून लांबी वाढवणारी तीच होती. जमिनीला नव्या फळ्या बसल्यावर मी उरले पाच फूट एक इंचावर. ती हात वर करून माझ्यावर ठेवी, काहीतरी बोलायला तोंड उघडी आणि मिटी. मिस्त्री गेला की नव्या जमिनीवर पाय पसरून खिडकीकडे बघत बसे. पाच मिनिटं. कधी सात. खालून हाक आली की उठे.

खोली झाली. लंबू कौतुकाने जिना चढला, दोन पावलं पुढे आला आणि माझी-त्याची ओळख झाली. आवाज खालपर्यंत गेला. टेंगूळ बघता बघता लिंबाएवढं झालं. दुसऱ्यांदा वाकून आला, ताठ होताना आपटला. तिसऱ्यांदा मिस्त्रीला बोलावून भाऊच गुडघा धरत वर आले आणि आपल्या डोळ्यांनी मला पाहिलं.

"ही तुळई कापून टाका," भाऊ मिस्त्रीला म्हणाले.

माझ्या अंगातली जुनी गाठ न् गाठ थंड पडली.

"ही कापता नाही येत, भाऊ."

"दोन आहेत की अजून! एक गेली तर काय छप्पर पडतंय?"

मिस्त्रीने खिडकीतलं एक पुस्तक उचललं, मधोमध उघडलं आणि तंबूसारखं जमिनीवर उपडं ठेवलं. दोन्ही बाजूंना हात लावून म्हणाला, "हे माझे हात म्हणजे ही तुळई." आणि हात काढले. पुस्तक हळूहळू फाकून जमिनीला टेकलं.

"मग खांब द्या मधे."

"देतो. खोलीच्या बरोबर मध्यावर येईल. तो खांदा आपटायला."

"अहो पण मग तुम्ही आधी बोलायचं नाही का?" वहिनी जिन्यातून म्हणाल्या.

मिस्त्री गोंधळला. "पण आत्याबाईंना कुठे लागतेय? त्यांच्या मापानं तर सगळं केलंय. खोली त्यांचीच ना?"

भाऊ हसायच्या बेतात होते, पण त्यांनी आत्याकडे बघितलं आणि हसू राहिलं.

"दुसऱ्या कोणाला विचारू," ते म्हणाले. "कापून देणारा मिळेल. करवतच लागते ना?"

तेव्हा आत्या बोलली. आवाज चढवला नाही, उलट नेहमीपेक्षा बारीकच होता.

"कापू नकोस. मला माहीत होतं त्याला लागणार. मी बोलले नाही."

"ताई? का गं?"

"मला हवी होती ही खोली."

बावीस वर्षांत या घरात तिने मागितलेली ती पहिली गोष्ट होती. मी मोजत आले आहे, म्हणून खात्रीने सांगते. मागून झाल्यावर ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "चुकलंच माझं. लंबूला टेंगूळ आलं. पण कापू नका."

भाऊंचं तोंड उघडं ते उघडंच. "अगं, पण आधी सांगायचंस!"

"कोणाला?" आत्या म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. खरंच विचारत होती.

लंबू टेंगूळ चोळत खाली बसला. बसल्यावर त्याचं डोकं माझ्यापासून चांगलं दूर राहिलं. "बाबा, राहू दे. मला इथे राहायचं तर कायम बसूनच राहावं लागेल. आत्या, मी तुझ्या बोळात टेबल लावू का? तिथे दार बसवून घेऊ."

"पण फोडणी मी देणार," वहिनी बजावून म्हणाल्या. "आवाजासकट."

मिस्त्रीने एवढंच विचारलं, "मग आता कडी आतून लावायची ना?" आणि तो कडी लावायला बसला.

मित्रांनो, माझी तुम्हाला विनंती आहे. घरातलं काही आडवं येतंय असं वाटलं, तर करवत शोधण्याआधी ते कशाला धरून आहे हे नीट विचारा. जे माणूस कधी काही मागत नाही, त्याला तर दोनदा विचारा. पहिल्यांदा ते "नाही, काही नको" म्हणेल. आणि माझ्यासारख्यांवर अधूनमधून फडकं मारा. लाकडाला वाळवीपेक्षा विसर लवकर खातो.

परवा दुपारी खालून हाक आली, "आत्या, कात्री कुठे आहे?"

आत्या खिडकीत पाय वर घेऊन बसली होती. हातात काही नव्हतं. झाडावर एक पक्षी होता, तोही विशेष काही करत नव्हता.

"मी कामात आहे," ती म्हणाली आणि जागची हलली नाही.