जॉर्जिया, भाग तिसरा

सुरेशरावांचा मेल आला आणि शोभनाने मोबाइल सोफ्यावर उपडा टाकला. विषयाच्या जागी लिहिलं होतं, 'आमची अविस्मरणीय जॉर्जिया, भाग तिसरा, फायनल'. लगेच त्यामागे दुसरा मेल: 'हा घ्यावा, आधीचा घेऊ नये.'

"देवा रे," ती म्हणाली, "हा माणूस अजून जॉर्जियातच आहे."

जॉर्जिया केवढासा देश. अबुधाबीतली निम्मी मराठी घरं ईदच्या सुट्टीत तिथे जाऊन येतात, बर्फात फोटो काढतात आणि विषय संपतो. सुरेशरावांचा संपत नव्हता. चार दिवसांच्या सहलीवर त्यांनी दोन दिवाळी अंक खर्ची घातले होते आणि तरी ते तिबिलिसीच्या हॉटेलातून धड बाहेर पडले नव्हते. कारण रोज सकाळ व्हायची, सकाळी नाश्ता असायचा, आणि नाश्त्यात काय काय होतं ते सांगितल्याशिवाय त्यांचा पाय दाराबाहेर पडत नसे. चीजचे प्रकार, जॅमचे प्रकार, 'सौ.नी मात्र घरून नेलेल्या मेथीच्या ठेपल्यांवरच समाधान मानले.' शोभना दर वर्षी ते ठेपले कापायची आणि दर वर्षी ते नव्या हॉटेलात पुन्हा उगवायचे.

इथल्या मराठी मंडळाचा 'मरुरंग' नावाचा दिवाळी अंक ती नऊ वर्षं संपादित करत होती. नाव तिचं नव्हे. कमिटीने मतदान घेऊन ठरवलेलं. सकाळी शाळेत गणित शिकवायचं, दुपारी शाबियातल्या घरी येऊन एसीखाली बसायचं आणि लोकांच्या वाक्यांची क्रियापदं शोधायची, असा तिचा उन्हाळा जायचा. मानधन नाही, आभार असतात. तेही अध्यक्षांच्या मनोगतात, प्रायोजकांच्या यादीनंतर.

बरं, एकटे सुरेशराव असते तर तिने निभावून नेलं असतं. दुबईतल्या देऱ्यात एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्स बघणारी शुभ्रा नावाची मुलगी होती. चोवीस वर्षांची, हुशार, कविता बऱ्या. पण कविता पाठवली की तासाभरात तिची सुधारित आवृत्ती यायची, संध्याकाळी त्यातली एक ओळ परत यायची आणि दुसऱ्या दिवशी मेसेज, "मॅम, मला वाटतं ही कविता अजून माझ्यातून बाहेर पडली नाहीये." आणि स्वल्पविरामाला हात लावला की रुसायची. शोभनाने एकदा तिला विचारलं, "अगं, तू बाकीच्यांच्या कविता वाचतेस का?" तर म्हणाली, "नाही मॅम, इन्फ्लुएन्स होतो."

आणि या सगळ्यांच्या डोक्यावर मंडळाचा अध्यक्ष सुजीत, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्याचं एकच पालुपद. "ताई, कोणाला नाराज नका करू. यल्ला, जरा अ‍ॅडजस्ट करा." तो अंक वाचत नसे. अंकात कोण कोण आहे एवढं बघत असे.

खरी गोम होती ती वजनात. अंक छापायचा पुण्यात, कारण इथलं छपाईचं बिल दिरहममध्ये ऐकून त्याचे रुपये करेपर्यंत खजिनदाराला घाम फुटायचा. छापलेला अंक आणायचा कसा? कार्गो परवडत नाही. म्हणून मंडळात पहिल्यापासून रीत पडलेली: गणपतीला गावी गेलेली माणसं येताना बॅगेतून अंक आणतात. कोणी पाच किलो देतं, कोणी दहा. आणि ज्याने आपले फरसाण आणि मसाले बाजूला ठेवून अंकाला जागा दिली, त्याचं लिखाण मग कसं नाकारायचं? त्यामुळे शोभनाच्या अंकात लेखकाची जागा प्रतिभेवर ठरत नसे, बॅगेवर ठरत असे. शिवाय अंक जाड झाला की प्रती कमी बसतात, म्हणून पानंही मोजकीच. एकाला घ्यायचं तर दुसऱ्याला काढायचं.

सुरेशराव या सगळ्यांचे बादशहा. तेल कंपनीत सेफ्टी मॅनेजर, मुलं परदेशी, घरात दोघंच. दोघांच्या दोन्ही बॅगा ते अंकांनी भरून आणायचे आणि स्वतःचे कपडे पुण्यात भावाकडे ठेवून यायचे. ते नसते तर निम्मा अंक पुण्यातच राहिला असता. म्हणून नऊ वर्षं त्यांना बारा पानं. सिंगापूर, केनिया, बाकू, आणि आता ही न संपणारी जॉर्जिया.

पण यंदा शोभनाला स्वतःला बारा पानं हवी होती.

इकडे येण्याआधी, पुण्यात असताना, तिच्या दोन कथा चांगल्या अंकांत छापून आल्या होत्या. तिला पत्रं आली होती. मग लग्न, अबुधाबी, ईशानी, नोकरी आणि 'मरुरंग'. दुसऱ्यांचं निस्तरता निस्तरता तिचं लिहिणं बंदच पडलं. दर वर्षी ती म्हणायची, यंदा माझी कथा टाकायची, आणि दर वर्षी कोणाची तरी बॅग आडवी यायची. यंदा मात्र मे महिन्यात तिने खरंच लिहिली. एका बाईची शेजारीण कायमची देश सोडून जाते आणि जाताना आपली तुळस तिच्या दारात ठेवून जाते, अशी गोष्ट. लिहून झाल्यावर दोन दिवस ती हवेत होती.

नवऱ्याला वाचायला दिली. त्याने फोनवर अंगठा सर्रकन वर नेला आणि म्हणाला, "छान आहे." ती म्हणाली, "काय छान आहे?" तो म्हणाला, "सगळंच. तू लिहितेसच छान." तिला इतका राग आला की तिने त्याला त्या दिवशी दुसरा चहा दिला नाही. ईशानीला मराठी वाचायचं म्हणजे शिक्षा. "आई, जस्ट टेल मी द स्टोरी ना," ती म्हणाली, आणि शोभना सांगायला लागल्यावर मध्येच तिचा फोन वाजला.

म्हणजे ही कथा अंकात आली नाही तर ती कोणीच वाचणार नव्हतं. आणि ती यंदा आली नाही तर आपण पुन्हा काही लिहिणार नाही, हे शोभनाला पक्कं ठाऊक होतं.

तिने सुजीतला फोन केला. "यंदा सुरेशरावांचा लेख नाही."

सुजीत म्हणाला, "ताई, दोन बॅगा आहेत त्या."

"माहितेय."

"मग प्रती काय उडत येणार? त्यांना निदान सहा पानं तरी द्या. अ‍ॅडजस्ट करा."

"नऊ वर्षं अ‍ॅडजस्टच करतेय, सुजीत. आता खलास." तिने फोन ठेवला.

सुरेशरावांना तिने फोनच केला, मेलमागे लपली नाही. आधी तब्येत विचारली, वहिनींचे गुडघे विचारले. मग एका दमात म्हणाली, "सुरेशराव, यंदा जॉर्जिया घेता येत नाही. जागा नाही."

"अच्छा," ते म्हणाले. आवाज एकदम खाली गेला. "अध्यक्षांचं मनोगत वाढलं का?"

"नाही. एक कथा आहे."

"कोणाची?"

ती खोटं बोलू शकली असती. "माझी," ती म्हणाली.

त्यांनी घरातल्या टीव्हीचा आवाज बंद केला. मग ते म्हणाले, "मला पाठवता?"

आता नाही कसं म्हणायचं? तिने पाठवली. वाटलं, माणूस बघेल, दोन चांगले शब्द बोलेल, बॅगेचं त्याच्या मनात येईल ते करेल. पण दोन दिवस गेले, तीन गेले, सुरेशरावांचा पत्ता नाही. एरवी एका परिच्छेदाचे तीन मेल पाठवणारा माणूस मूग गिळून बसला. सुजीत रोज विचारायचा, "बॅगांचं काय?" शोभना रोज म्हणायची, "इन्शाल्ला." प्रेसला फाइल द्यायची वेळ येऊन ठेपली. तिने जॉर्जिया उघडून पाहिली, ठेपले पाहिले, बंद केली. पुन्हा उघडली. आपण मूर्ख आहोत, चांगल्या माणसाला दुखवून बसलो आणि वर अंकही बुडवला, असं तिला वाटायला लागलं. मग स्वतःचाच राग यायला लागला, की बारा पानांसाठी आपण एवढं घाबरतोय.

शनिवारी सकाळी सुरेशरावांचा फोन आला. "घरी या. समोरासमोर बोलू. तुमच्या वहिनी पोहे करतायत."

समोरासमोर म्हणजे बॅगा गेल्या, शोभनाने धरूनच टाकलं. खालिदियाला त्यांच्या घरी जाईपर्यंत गाडीत तिने मनातल्या मनात माफीची तीन भाषणं तयार केली आणि तिन्ही तिला आवडली नाहीत.

सुरेशरावांनी ऑफिसात तिच्या कथेची प्रिंट काढली होती. जेवणाच्या टेबलावर पानं नीट लावून ठेवलेली, आणि त्यांवर लाल पेन फिरलेलं.

"रागावू नका," ते म्हणाले. "तुम्ही नऊ वर्षं माझ्यावर जेवढं लाल केलंय, त्याच्या निम्मंही नाही."

"सुरेशराव, ही कथा आहे. प्रवासवर्णन नाही."

"तेच तर. आधी वाचली तेव्हा म्हटलं, आपल्याला काय कळणार? पुन्हा वाचली. मग कळलं कुठे अडतंय ते." त्यांनी पहिली चार पानं उचलली आणि बाजूला ठेवली. "ही नकोत."

"काय?"

"गोष्ट पाचव्या पानावर सुरू होते. लिफ्टचं दार उघडतं आणि ती शेजारीण तुळशीची कुंडी घेऊन उभी असते. त्याआधी तुम्ही नुसतं पुणं सांगताय. हौद, गल्ली, आईचा डबा, पारिजातक. शोभनाताई, पुणं आम्हाला माहीत आहे हो. आम्ही तिथूनच आलोय."

शोभनाच्या अगदी ओठांवर आलं होतं, तुम्ही मला शिकवणार? अहो, तुम्ही चीजचे सात प्रकार लिहिता. तिने पानं ओढून घेतली आणि भांडायच्या इराद्याने वाचायला लागली. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. तिसऱ्यावर तिच्या लक्षात आलं, की हे दुसऱ्या कोणाचं असतं तर आपण कधीच काढून टाकलं असतं.

तिला संताप आला. ते बरोबर होते, याचाच जास्त आला.

"आणि ही चार पानं गेली की तुमची जॉर्जिया त्या चार पानांत बसते," ती म्हणाली. "हो ना?"

सुरेशरावांनी चष्मा काढून पुसला. "हो," ते म्हणाले. "मोजलं मी. नाश्ते काढले तर बसते." मग म्हणाले, "पण मी चुकीचं सांगितलं का?"

"नाही."

"मग झालं. आणि तुम्ही जॉर्जिया नाही घेतलीत तरी बॅगा माझ्याच येणार. सुजीत काय मेसेज करत बसलाय मला सारखा? मी लेख छापून यावा म्हणून अंक आणत नाही, ताई. घरात माझं कोण वाचतं? हिला विचारा." आतून वहिनी म्हणाल्या, "मी सहलीला बरोबर होते, मी कशाला वाचू?" सुरेशराव हसले नाहीत. "तुम्ही वाचता. 'हे कशासाठी?' असं मार्जिनमध्ये लिहिता. मी वर्षभर त्याची वाट बघतो. म्हणून म्हटलं, तुमचंही कोणीतरी तसं वाचायला पाहिजे."

नवरा छान म्हणाला होता, ईशानीचा फोन वाजला होता, आणि ज्याचे ठेपले ती नऊ वर्षं वैतागून कापत आली होती त्या माणसाने तिची कथा दोनदा वाचली होती, लाल पेन घेऊन. तिचे डोळे भरून आले आणि त्याचीही तिला चीड आली.

तिने पिशवीतून पेन काढलं. पहिलं पान खोडलं. दुसरं खोडलं. चौथं खोडलं.

"तिसऱ्यातला आईचा डबा मी काढणार नाही," ती म्हणाली.

"कशासाठी?" सुरेशरावांनी विचारलं.

"त्या बाईला नंतर कुंडी उचलता येत नाही, ती का उचलता येत नाही ते त्या डब्यामुळेच कळतं."

"मग तो सातव्या पानावर आणा. इथे सुरुवातीला काय करतोय तो?"

"सातव्यावर उशीर होतो."

"नाही होत. वाचून बघा."

"मी लिहिलंय, सुरेशराव. मला माहितेय."

"मीही तेच म्हणतो दर वर्षी," ते म्हणाले, "तुम्ही ऐकता का?"

वहिनींनी पोहे आणून ठेवले, वर खोबरं, लिंबाची फोड. कोणी हात लावला नाही. पोहे गार होईपर्यंत ती दोघं एका परिच्छेदावर आवाज चढवून भांडत राहिली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा शोभनाला वाटलं, की आपण लेखक आहोत.