विजेची जकात

बॅटरी डोक्यावरनं वाहणं म्हंजी काय, ते वाहणाऱ्यालाच विचारा. जरा कलली की तेजाब सांडतो अन् धोतराला भोकं पडतात. भूमला वीज न्हाय. खाजाभाईच्या कापडदुकानातला रेडिओ गप झाला की बॅटरी भरायला बार्शीला न्यायची, निजामाच्या हद्दीपल्याड, इंग्रजांच्या मुलखात. नेणार कोण? म्या, गुंडाप्पा. दुसरं कोण मरायला बसलंय?

या खेपेचा खर्च फरिदाबीनं दिला. तिचा लेक मुनवर फौजेत, लढाईवर. लई दिसांत पत्र न्हाय. शुक्रवारी सांजच्याला रेडिओवर शिपाई घरच्यांशी बोलणार, त्यात मुनवर हाय, असा सांगावा आला. बार्शीचा विजेवाला आपला निजामाचा हाली शिक्का घेत न्हाय, त्याला इंग्रजी कलदार रुपया लागतो. म्हातारीनं अंड्यावरच्या कोंबड्या विकल्या अन् कलदार माझ्या हातात ठेवला. "जपून आण रे बाबा," म्हणली.

शुक्रवारी भरलेली बॅटरी घेऊन परत निघालो, तर हद्दीच्या नाक्यावर कारकुनानं अडवलं. नवाच गडी.

"जाताना रिकामी होती?"

"व्हय सायेब."

"आता भरलेली?"

"व्हय."

"म्हणजे तिकडचा माल इकडं आणलास. जकात लागेल."

"घ्या की मग." म्या वैतागून कनवटीची नाणी काढली. "किती?"

त्यानं दराचं पुस्तक चाळलं. तंबाखू होती, काडेपेटी होती, विजेचा दरच नव्हता.

"दर नाही, तर जकात घेता येत नाही. माल इथंच उतरव."

"अवो, वीज काय पोत्यात हाय का उतरवायला?"

शिपायानं वीज उतरवायला तार आणून बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावली. चर्रकन ठिणगी उडाली. सगळे हसले. पुन्हा लावली, पुन्हा हसले. शेवटी म्या पाय धरले. "सायेब, म्हातारीच्या लेकाचा आवाज हाय त्यात!" तवा कुठं सोडलं मुडद्यांनी.

दिवस मावळायच्या आत भूम गाठलं. पायात जीव ऱ्हायला नव्हता. खाजाभाईनं तारा जोडल्या, रेडिओ खरखरला. दुसऱ्या गावच्या पोरांची नावं निघाली. एकेका नावागणिक आवाज बारीक होत चालला. फरिदाबी पेटीला कान लावून बसलेली.

मग मुनवर बोलला. "अम्मी, मैं अच्छा हूँ..." पुढचं पुटपुटल्यावानी आलं, मग नुसता श्वास, मग कायच न्हाय.

खाजाभाईनं माझ्याकडं बघितलं. नाक्यावर ठिणग्यांत किती वीज गेली, ते सांगावं असं लई वाटलं, पण म्या खाली वाकून तारा सोडवाया लागलो.

फरिदाबीनं पदरानं डोळे पुसले. "ऐकलास गुंडाप्पा? आवाज किती बसलाय त्याचा. दोन बोल बोलूस्तोवर दमलं माझं पोरगं."

"व्हय," म्या म्हणलं.

"त्याला तिथं कुणी पोटभर घालत न्हाय वाटतं." ती गुडघ्यावर हात टेकत उठली. "तू बी लई चालून आलास. चल, भाकर खाऊन जा."