हत्ती घरात असेपर्यंत

घड्याळदुरुस्तीच्या त्या दुकानात खिडकी एकच, आणि खिडकीखालचे मेज थोरल्या वहिनींचे. नेमके तिथेच धाकट्या भाऊजींना नव्या घड्याळांचे काचकपाट मांडायचे होते. वहिनींची नजर उताराला लागलेली. तेवढा उजेड गेला की केसाएवढ्या बारीक स्प्रिंगचे काम त्यांच्या हातून कायमचे सुटणार, हे दोघांनाही ठाऊक होते.

दीर-भावजयीचा तंटा या घरात बोलून मिटत नसे. बुद्धिबळाचा पट मांडला जाई; जिंकेल त्याचे म्हणणे चाले. त्यावर दिवंगत सासऱ्यांचा एक नियम होता : समोरच्याने पुढ्यात आणून ठेवलेला मोहरा मारायचाच. जो कच खाईल, त्याने डाव सोडला असे समजायचे.

“नियम लक्षात आहे ना, वहिनी?” भाऊजींनी मुद्दाम विचारले.

“तुमच्या आधी शिकलेय. खेळा.”

भाऊजी सुरुवातीलाच वजीर घेऊन बाहेर पडले. प्यादे मारले, शह दिला. दुसरे मारले, पुन्हा शह. वहिनींनी राजा कोपऱ्यात बसवला, घोडे काढले, उंटांच्या तिरप्या वाटा मोकळ्या केल्या.

शेजारी बसलेल्या वहिनींच्या सुनेला राहवेना. “आई, ते घर धुऊन नेतायत! तुम्हीही मारा ना काहीतरी.”

“हत्ती अजून घरात आहे.”

“तोवर कपाट येईल दारात!”

“येऊ दे. दाराचं माप घेतलंय का कुणी?”

भाऊजींनी दाराकडे पाहिले. माप कुणीच घेतले नव्हते.

सावकाश हत्ती मधल्या मोकळ्या पट्टीवर आला. मग वहिनींनी आपला वजीर उचलला आणि भाऊजींच्या घोड्याच्या तोंडी नेऊन ठेवला. हत्तीला त्यांच्या राजाच्या ओळीत शिरू देत नव्हता, तो तेवढा घोडाच.

भाऊजींनी घोड्याकडे नेलेला हात मागे घेतला. “वहिनी, हे बरं नव्हे.”

“नियम लक्षात आहे ना?”

घोड्याने वजीर मारला. हत्तीचा शह बसला. दुसरा घोडा धावत आडवा आला. हत्तीने त्याला जागीच मारले. त्या हत्तीच्या पाठीशी उंट होता, आणि राजाच्या बाजूची घरे त्याच्याच माणसांनी, जी डावभर जागची हलली नव्हती, अडवून ठेवली होती.

“मात,” वहिनी म्हणाल्या आणि सुनेला पट आवरायला सांगितले.

आगाऊ सांगून ठेवलेले कपाट दुसऱ्या दिवशी आले. दारातून ते आत जाईना, म्हणून हमालांनी ते बाहेर खिडकीला टेकवले.

वहिनींनी डोळ्याचे भिंग काढले नाही.

“भाऊजी, ते जरा सरकवा. उजेड अडतोय.”