हिरव्या ठिपक्यामागचं जागरण

मी बोलतोय, तुमच्या स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यातला उघडा डोळा. नाही दिसलो? घड्याळाच्या शेजारी बघा. तिथे जी चिमुकली चित्रं दाटीवाटीनं बसलेली असतात आणि ज्यांच्याकडे तुम्ही ढुंकूनही बघत नाही, त्यांतलाच मी एक. माझं काम एवढंच, की मी कॉम्प्युटरला झोपू देत नाही. थोड्या थोड्या वेळानं माउसचा बाण केसभर सरकवतो आणि परत जागेवर आणून ठेवतो. बिचाऱ्या कॉम्प्युटरला वाटतं, माणूस समोर बसलाय.

माझा जन्म विणकामातून झाला. खोटं वाटेल, पण खरं आहे. मला लिहिणारा प्रोग्रामर. त्याची धाकटी बहीण स्क्रीनवर नमुना उघडून स्वेटर विणायची. दोन्ही हात सुयांमध्ये अडकलेले, तोंडानं टाके मोजणं चाललेलं, आणि नेमकी तेव्हाच स्क्रीन काळी व्हायची.

"दादा, तुझा हा डबा माझ्याआधी झोपतो," ती वैतागून म्हणाली. "काहीतरी कर, नाहीतर तुझ्या स्वेटरला एकच बाही येईल."

दादानं सुट्टीच्या दिवशी बसून मला लिहून काढलं. स्वेटरला दोन्ही बाह्या आल्या.

दादा मोकळ्या मनाचा. त्यानं मला ओपन सोर्स करून नेटवर ठेवलं. कोणीही न्या, आत काय लिहिलंय ते वाचा, हवं तसं बदला, दाम काही नाही. झालं, लोकांना संशय आला. फुकट देतोय म्हणजे नक्की काहीतरी काळंबेरं असणार. जी माणसं पानंच्या पानं अटी न वाचता 'मान्य आहे' वर बोट दाबून मोकळी होतात, ती माझ्याकडे डोळे बारीक करून बघू लागली. माझं पोट उघडंच होतं, पण त्यात डोकवायला कोणी आलं नाही. ज्यांनी वापरलं त्यांनी आभार मानले नाहीत, मात्र डोळ्याचा रंग आवडला नाही म्हणून दादाला खरमरीत शब्दांत सुनावलं. एकानं तर रंग बदलायला मुदत घालून दिली. धर्माच्या गाईचे दात मोजणं म्हणतात ते हेच. दादानं मुकाट्यानं रंग बदलला. मग जुना रंग आवडणारे भांडायला आले.

अशीच भटकंती करत मी एका ऑफिसात पोचलो. औषधांच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो ना, जो तुम्ही न वाचता टाकून देता? तो या ऑफिसात तयार व्हायचा. गोळी केव्हा घ्यायची, किती घ्यायची, कोणी घ्यायची नाही, सगळं मुंगीएवढ्या अक्षरात.

तिथल्या साहेबांनी नुकतीच एक महागडी व्यवस्था आणली होती. त्यांच्या स्क्रीनवर प्रत्येकाच्या नावापुढे एक ठिपका. माउस किंवा कीबोर्ड हलत असेल तर हिरवा, थांबला की पिवळा. माणसं काम करतात की नाही हे बघायला फार वेळ लागतो. म्हणून साहेब ती हलतात की नाही हे बघू लागले.

मला तिथे आणलं मांडणीवाल्यानं, म्हणजे कागदावर मजकूर बसवणाऱ्या तरुण गृहस्थानं. आठवडा उलटायच्या आत मी टेबलाटेबलावर होतो. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं आणि सगळ्यांना सगळं माहीत होतं. चहाला गेलेले हिरवे, जिन्यात गप्पा मारणारे हिरवे, दाढ दुखते म्हणून घरी गेलेला एकजण तोही हिरवा. साहेब खूश. ऑफिसाला शिस्त लागली, असं ते मालकांना फोनवर सांगायचे.

मालकांना साहेबांचाही ठिपका दिसायचा. तेव्हा साहेबांनीही गुपचूप मला आपल्या लॅपटॉपवर बसवून घेतलं होतं. जेवणानंतर ते खुर्चीत मान टाकून घोरायचे आणि मी बाण सरकवत राखण करायचो. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात. इथे सोंग घेणाऱ्यांना मीच जागं ठरवत होतो.

फक्त एका नावापुढे पिवळा ठिपका असायचा. तो पट्टीताईंचा. छापायला जाण्याआधी प्रत्येक कागद तपासणं हे त्यांचं काम. स्क्रीनवर चूक लपते, असं त्यांचं मत. म्हणून त्या मजकूर मोठ्या अक्षरात छापून घ्यायच्या, ओळीखाली लाकडी पट्टी धरायच्या आणि प्रत्येक शब्द हलक्या आवाजात वाचायच्या. डाव्या हातात पट्टी, उजव्या हातात लाल पेन. माउसला हात लावायला तिसरा हात नव्हता. त्यामुळे दिवसभर मान मोडून काम करणारी ही बाई साहेबांच्या हिशेबी गैरहजर.

बढत्यांची आणि नोकरकपातीची कुजबुज सुरू झाली तेव्हा शेजारच्या टेबलावरून मांडणीवाल्यानं मला त्यांच्यापुढे केलं.

"ताई, हा डोळा दिसतोय ना? हा तुमच्या मशीनवर टाकून देतो. कोणाला कळायचं नाही."

"काय करतो हा?"

"तुम्ही काम करताय असं दाखवतो."

"मी काम करतेच आहे की रे. मग त्याचं सोंग कशाला आणू?"

"अहो, इथे कामाला कोण विचारतंय?"

"कालच्या कागदात 'दोन दिवसांनी'चं 'दोन तासांनी' झालं होतं," त्या पट्टी सरकवत म्हणाल्या. "ती गोळी कोणीतरी घेणार असतं. त्याला विचार."

तो कागद मांडणीवाल्याच्याच हातचा होता. त्यानं खुर्ची आपल्या टेबलाकडे वळवली.

ताईंची नोकरी गेली तर घर अडचणीत येणार होतं. नवरा वर्षभर घरी बसून होता, मुलगी शिकत होती. हे ताई मुलीशी फोनवर बोलत असताना मी शेजारच्या टेबलावरून ऐकलं होतं. साहेबांनी ऐकलं नव्हतं, कारण साहेब ठिपके बघत होते.

एक दिवस सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. साहेबांनी लॅपटॉप जोडला आणि भिंतीवर नावांची रांग उमटली. हिरवीगार, मध्ये एक पिवळं.

"मला वाईट वाटतं," साहेब ताईंकडे न बघता म्हणाले, "पण पुढच्या महिन्यापासून तुमची जागा आपण ठेवू शकत नाही. आकडे खोटं बोलत नाहीत."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मांडणीवाल्यानंही. मला त्या प्रत्येकाची लाज वाटली.

ताई मात्र भिंतीकडे बघत होत्या. मुंगीएवढी अक्षरं वाचणारे डोळे ते. अगदी खाली, घड्याळाच्या शेजारी, ते येऊन थांबले. भिंतीवर मी चांगला वाटीएवढा झालो होतो.

"साहेब, एक विचारू? तो कोपऱ्यातला उघडा डोळा कसला हो?"

खोलीतल्या प्रत्येकानं मला ओळखलं आणि प्रत्येकजण दुसरीकडे बघू लागला. साहेबांनी रुमाल काढला.

"ते... ते सिस्टिमचं असतं. सगळ्यांच्याच मशीनवर असतं."

"माझ्या मशीनवर नाहीये. म्हणूनच माझं नाव पिवळं दिसत असेल का?"

साहेबांनी मान पुसली. "असेल. शक्य आहे. तपासून घेऊ."

"बसवूनच द्या ना," ताई शांतपणे म्हणाल्या. "म्हणजे आकडे खोटं बोलणार नाहीत."

त्याच दुपारी, साहेबांच्या हुकुमानं, मांडणीवाल्यानं मला ताईंच्या मशीनवर बसवलं. ताईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, पट्टी उचलली आणि वाचायला लागल्या. कपातीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता त्या ऑफिसातले सगळे ठिपके हिरवे आहेत आणि साहेबांना कोणाबद्दलच काही कळत नाही. तुमच्याही कोपऱ्यात मी असेनच. मला काढून टाका असं मी म्हणत नाही, मलाही जगायचंय. फक्त औषधाच्या खोक्यातला कागद फेकण्याआधी एकदा उघडून वाचा. दादानं मला ज्यांचे दोन्ही हात कामात आहेत अशांसाठी लिहिलं होतं. दिवसभर मी टेबलाटेबलावर सांगत असतो की माणूस समोर बसलाय. पट्टीताईंच्या टेबलावर ते खरं असतं.