एकसष्टाव्या पायरीजवळचा चिरा

मी जांभ्या दगडाचा एक चिरा बोलत आहे. माझी भाषा दगडाच्या मानाने फारच शुद्ध आहे, असे कोणास वाटेल. त्याचे कारण असे, की गेली चार वर्षे एक शिक्षक माझ्यावर बसून त्या दिवसाचा धडा अर्ध्या आवाजात उजळत असतात. ते ऐकूनच मी शिकलो. कोणत्याही शाळेने मला शिकविलेले नाही, आणि हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

माझा जन्म पालीजवळच्या एका सड्यावरील, म्हणजे कातळाच्या उंच माळावरील, खाणीत झाला. आम्ही चिरे जमिनीतून निघतो तेव्हा मऊ असतो. टिकावाच्या चार घावांत आकार घेतो. पुढे वारा आणि ऊन लागले, म्हणजे कठीण होतो. नेहमीच्या चिऱ्यांहून कितीतरी लांबरुंद अशा मला शाळेच्या भिंतीसाठी काढले होते, परंतु वाहताना माझा एक कोपरा उडाला. गवंड्याने मला पायाने बाजूस सारले. त्याचे ते सारणे मी अद्याप विसरलेलो नाही.

अखेर चार माणसांनी मला पाखाडीच्या मध्यावर आणून दोन धोंड्यांवर आडवे ठेवले. ही पाखाडी, म्हणजे वाडीतून सड्यावर जाणारी दगडी पायऱ्यांची वाट, एकशे बारा पायऱ्यांची आहे. माझी जागा एकसष्टाव्या पायरीजवळ. वर पोहोचल्यावर डावीकडे शाळा लागते आणि उजवीकडे पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठच्या मसणवटीची वाट जाते. वाडीत कोणी वारले, की तिरडी क्षणभर माझ्यावर टेकवीत आणि खांदेकरी खांदे बदलीत. म्हणून मला ‘विसावा’ हे नाव मिळाले, आणि म्हणूनच चाळीस वर्षांत माझ्यावर जिवंत माणूस कधी बसला नाही. मुले तर दप्तर छातीशी धरून पलीकडच्या कडेने पळत.

१९८४ सालच्या ऑक्टोबरात एके सकाळी सहदेव गुरुजी माझ्यावर बसले. बसले म्हणण्यापेक्षा कोसळले म्हणणे अधिक योग्य होईल.

त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. वेळणेश्वरास दिलेली त्यांची थोरली बहीण राही हिने आपले एक मूत्रपिंड त्यांना दिले, आणि फेब्रुवारीत मुंबईस शस्त्रक्रिया झाली. पूर्वी त्यांना वाटीने मोजून पाणी मिळे; आता भरपूर पिण्याची आज्ञा होती, म्हणून खांद्याला पाण्याची बाटली असे. गोळ्यांमुळे चेहरा गोल झाला होता. भेटेल तो म्हणे, “गुरुजी, तब्येत झकास सुधारली!” गुरुजी हसत. दुखत काहीच नव्हते. परंतु अंगातले बळ भर सकाळी एकाएकी संपून जाई, आणि रात्रभर झोपूनही भरून येत नसे. जे दिसत नाही ते लोकांना पटवून द्यावे तरी कसे?

त्यातच शिक्षण खात्याच्या कचेरीचे पत्र आले होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज वेळेवर हजर राहता येत नसेल, तर प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्तीचा अर्ज द्यावा. गुरुजींचे वय छत्तीस होते. शाळा माझ्यापासून एक्कावन्न पायऱ्यांवर होती.

पाखाडीलगतच्या खळ्यातून त्यांचे चुलते काशीराम ओरडले, “सहदेवा, ऊठ तिथनं! जित्या माणसानं बसायची जागा हाय ती? मुंबईस्नं जीव परत आणलास तो हितं ठेवायला?”

गुरुजी उठले. सायंकाळी पाखाडीवरच त्यांच्या पत्नीने, मालनने, त्यांच्यावरून मीठमोहरी ओवाळली आणि माझ्याकडे न पाहता ती खाली गेली. मला वाईट वाटले. मी कोणालाही कधी बोलावून घेतलेले नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजी मान ताठ ठेवून माझ्यासमोरून गेले; थांबले नाहीत. एकशे बारा पायऱ्या ते एका दमात चढले. उतरताना मालनने त्यांचा दंड धरला होता. पुढे चार दिवस पाखाडीवर त्यांचे पाऊल वाजले नाही.

भाऊबीजेला राही आली. दुसऱ्या सकाळी ती भावाला घेऊन पायऱ्या चढली आणि प्रथम स्वतःच माझ्यावर ऐसपैस बसली.

“काय गो राही,” खळ्यातून आवाज आला, “त्याला परत तिथंच बसवतंस?”

“मी पण बसलंय, काका. या, तुमाला पण जागा हाय.”

“मसणाच्या वाटंवरचा दगड तो!”

“मेलेला माणूस दमतो काय कदी? दमतात ते खांदेकरी. त्यांच्यासाठीच ठेवलाव ना ह्यो? मग दमलेल्या जित्यांचाच झाला की!”

काशीराम तळहातावरची तंबाखू मळीत राहिले. चाळीस वर्षे जे मला बोलून दाखविता आले नाही, ते या बाईने एका श्वासात सांगितले.

मग ती भावाकडे वळली. “आणि तू रे! दम लागल्यावर बसून काय उपेग? दमायच्या आदी बसायचं. माझी किडनी फुशारकी मारायला नाय दिलेली तुला.”

“तुझीच आहे, म्हणून तर चढावर भांडते माझ्याशी,” गुरुजी म्हणाले. दोघेही हसली. त्या दिवशी गुरुजी शाळेच्या पायरीला हात लावून आले, आणि दुसऱ्या दिवशीही आले. माझ्या मते महत्त्व त्या दुसऱ्या दिवसाला आहे.

शाळा उघडली त्या दिवशी घंटा साडेदहाची होती. गुरुजी दहालाच निघाले. तीस पायऱ्यांवर उभे राहिले. घड्याळ पाहून माझ्यावर दहा मिनिटे बसले, पाणी प्याले, धडा उजळला. दम लागलेला नसतानाही ते बसले. ताठ मानेच्या माणसाला याहून अवघड काही नसावे. खळ्यात उभे राहून काशीराम पाहत होते. मला शाळा दिसत नाही, ऐकू येते. घंटा झाली, प्रार्थना झाली, आणि मग हजेरी घेणारा तो ओळखीचा आवाज आला. त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सर्व नावे घेतली.

थकवा गेला असे मी सांगणार नाही. ते असत्य होईल. काही दिवस गुरुजींनी रजेचा कागद मुलांबरोबर वर धाडला. काही दिवस उतरतानाही ते माझ्यावर बसले. परंतु निवृत्तीचा अर्ज त्यांनी दिला नाही. तिरडी आजही माझ्यावर टेकते; त्यात मला विसंगती दिसत नाही. मागील वर्षी गुडघे धरून चढणारे काशीराम माझ्याजवळ थांबले आणि म्हणाले, “सहदेवा, सर रे जरा.” गुरुजी सरकले.

आता १९८८ साल चालू आहे. सड्यावरून वाडीत मोटारीचा रस्ता उतरणार आहे. मोजणीवाल्यांनी माझ्यावर चुन्याची फुली मारली आहे. रस्त्याला माझी हरकत नाही. तो गुरुजींच्याही सोयीचा आहे. माझी विनंती एवढीच, की मला गटारात बसवू नका आणि कोपरा उडालेला म्हणून पायाने सारू नका. जेथे उभा चढ असेल, तेथे त्याच्या मध्यावर मला ठेवा. आणि माझ्यावर कोणी बसलेला दिसला, तर त्याला उठवू नका. तो वर जाण्यासाठीच बसलेला असतो.