वर म्हणजे कुणाच्या वर

होकायंत्राचा काटा अजून थरथरत होता... आपला हात लागला म्हणून, की आपणहूनच — व्यंकटरावांनी डबी वहीवर ठेवली, तसा तो सावकाश उत्तरेला टेकला. ते लिहीत असलेल्या गोष्टीतलं यान मात्र वहीत महिनाभर आकाशात खोळंबलेलं. नावाड्याला घरी परतायचं होतं, आणि त्याला दिशा कशी सांगावी, हे व्यंकटरावांना सुचत नव्हतं.

व्यंकटराव म्हणजे निजाम सरकारच्या पैमाइशीतले, जमिनीचे मोजणीदार. गंगाखेडच्या शिवारात वीतभर बांध कधी सोडला नाही! आकाशात उत्तर नाही, उगवत नाही. म्हणून दोन आकडे ठरवले होते — सूर्याकडे तोंड करून उजवीकडे किती अंश, मग वर किती. पक्कं काम. बायकोला, कोकिळेला, वाचून दाखवलं तर ती खाटेवरूनच हसली, खोकला येईपर्यंत.

"वर म्हंजे कुणाच्या वर? मी आडवी हाय. माझं वर उशाकडं, तुमचं आढ्याकडं."

"यानात कुणी आडवं नसतं."

"आजारी पडत न्हाईत का तिथं?... अहो, माझी खाट फिरवा की. पायथ्याची भिंत बघून लय कंटाळा आलाय. दारातनं रस्ता तरी दिसंल."

दार दक्षिणेला. "जित्या माणसाचे पाय दक्षिणेला?" व्यंकटरावांची आई आतून ओरडली. आणि आपण... आपण वहीत काहीतरी खोडत बसलो. खाट तशीच राहिली. अठरा दिवस, मोजलेत.

ती गेली त्या सकाळी तिला खाली घेतलं. शेजारचा मुंजाजी म्हणाला, "रावसाहेब, दक्षिण नेमकी कुठं, तुमीच सांगा." तर व्यंकटरावांनी खिशातून हीच डबी काढली! "चार अंश उगवतीकडे सरकवा." लोकांनी सरकवलं. कुणी हसलं नाही, एवढी भली माणसं. पाय दाराकडे, तोंड दाराकडे, समोर रस्ता — मागितलं होतं तसंच, अंशाअंशानं बरोबर. डोळे तेवढे मिटलेले.

"व्यंकट, जेवतूस का रं?" आत्ता आई आतून विचारत होती.

हो म्हणालो बहुधा. टाक उचलला. 'वर म्हणजे तिच्या उशाकडे', लिहिलं, बरं वाटलं... क्षणभर. मग — कुठलं उसं? अठरा दिवसांचं दक्षिणेचं, की त्या सकाळचं उत्तरेचं? एकानं नावाडी घरी येतो. दुसऱ्यानं तेवढाच दूर जातो.

व्यंकटरावांनी डबी मिटली. काटा आत हलत असेल, नसेल... आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, आता कुणी आपल्याला दिशा विचारू नये.