जवळचा दाता शोधा

मित्रांनो, मी एका वेबसाइटवरची जुनी लिंक आहे. ‘जवळचा दाता शोधा’ एवढीच माझी अक्षरे. माझ्यावर बोट ठेवले की लातूर-नांदेडकडच्या रक्तदात्यांची नावे आणि फोन नंबर उघडतात.

मला घडवले मंजुश्रीने. लातूरच्या एका रक्तदाता मंडळासाठी ती हौसेने काम करायची. जन्मले तेव्हा मी निळी होते, खाली स्वच्छ रेघ होती. ती रेघ मंजुश्रीला खुपली. पानावरचे रंग, रेघा, अंतरे ठरवणारी एक फाईल असते, तिला स्टाइलशीट म्हणतात. तिच्यात तिने थोडा बदल केला. माझी रेघ गेली आणि रंग शेजारच्या मजकुरासारखाच करडा झाला. उद्घाटनाला सगळे म्हणाले, “काय देखणं पान झालंय!” मीही फुगून गेले.

मग एका दुपारी रेणापूरच्या आनंदराजने ते पान उघडले. बाळंतपणानंतर त्याच्या बायकोचा, विशाखाचा, रक्तस्राव थांबत नव्हता आणि ती दाखल होती त्या लातूरच्या दवाखान्यात तिच्या गटाचे रक्त शिल्लक नव्हते. व्हरांड्यात उभा राहून त्याने मला वाचले. होय, वाचले!

“जवळचा दाता शोधा,” तो मोठ्याने म्हणाला आणि चिडला. “आता तेच तर करून राहिलो ना!”

त्याला मी उपदेश वाटले. त्याचे बोट माझ्या शेजारून वर गेले, खाली आले. मला हाक मारता येत नाही. पान बंद झाले.

माझ्यामागच्या नावांत त्याच गटाचे राजशेखर होते. घर दवाखान्याच्या मागच्या गल्लीत. रक्त शेवटी नांदेडहून जीपने आले. विशाखा वाचली, पण बाळाला उचलून घेण्याइतकी ताकद यायला तिला फार काळ लागला.

पुढे आनंदराज मंडळात आला. “ताई, माझं नाव दात्यांत घाला. आमच्या वक्ताला कुणी भेटलं न्हाई, दुसऱ्याला तरी भेटावं.”

“अहो भाऊ, नावं तर पानावर होती की!” मंजुश्रीने मोबाइल पुढे धरून माझ्यावर बोट ठेवले.

आनंदराज बघतच राहिला. “हे दाबायचं होतं व्हय? म्या तर वाचून सोडून दिलं.”

तो रागावला असता तर बरे झाले असते. मंजुश्रीने मान खाली घातली. मला तर खाली घालायला मानही नाही.

त्याच्यादेखतच तिने फाईल उघडली. मला गडद निळा रंग दिला, रेघ परत दिली. “भाऊ, जरा उन्हात जाऊन बघा, तिथंही नीट दिसते का.”

तो बाहेर गेला आणि तिथूनच ओरडला, “हाव, आता दिसून राहिली!”

आता लोक मला चटकन दाबतात. तरी कुणी कौतुक केले की मला दवाखान्यामागची राजशेखरांची गल्ली आठवते आणि लाज वाटते.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या अशी पाने सजवतील. आमचा रंग वेगळा ठेवा, आमची रेघ पुसू नका. आणि पान तयार झाले की ते आधी एखाद्या घाबरलेल्या, घाईतल्या माणसाच्या हातात देऊन बघा. दाबायचे कुठे, हे त्याला कुणाला विचारावे लागू नये.